कोठडीचा शेजार

एकदा एका देशाला त्याचा पहिला राष्ट्राध्यक्ष मिळाला. कोणता देश, ते विचारू नका. तुम्ही नकाशा पुढे घेऊन बसाल आणि गोष्ट राहील बाजूला. समुद्राकाठचा, मिठागरांचा आणि माडांचा एक लहानसा देश होता, एवढे पुरे. त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या परक्यांचे राज्य होते. मग त्या देशात एक तरुण उभा राहिला. सभा झाल्या, मोर्चे निघाले, लाठ्या बसल्या. परक्या सरकारने एक कायदा करून ठेवला होता. सरकारला ज्याचा संशय येईल, त्याला खटला न भरता कोंडावे आणि हवे तितके दिवस कोंडून ठेवावे, असा तो कायदा. त्या कायद्याखाली हा तरुण आत गेला तेव्हा त्याचे केस काळेभोर होते. बाहेर आला तो पांढरे डोके घेऊनच. पुढे देश स्वतंत्र झाला, लोकांनी त्याला अक्षरशः खांद्यावरून राजवाड्यात नेले आणि राष्ट्राध्यक्ष केले.

माणूस चांगला होता हो. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट ऐकून तुम्ही भलताच ग्रह करून घ्याल. पैशाला शिवला नाही, भाच्या-पुतण्यांना जवळ केले नाही, साधा राहिला. नव्या सरकारने पुष्कळ गोष्टी बदलल्या. रस्त्यांची नावे बदलली, चौकाचौकांतले परके पुतळे उतरवले. तो कायदा मात्र राहिला. ‘हा कायदा मी माझ्या हाताने फाडीन’, असे राष्ट्राध्यक्ष पहिल्या सभेत म्हणाले होते आणि लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला होता. पण मग सरहद्दीवर गडबड झाली. मग गोदीत आणि मिठागरांत संप झाला. मंत्री म्हणाले, ‘साहेब, एवढं एक वर्ष जाऊ द्या, घडी बसू द्या.’ ते वर्ष गेले, पुढचेही गेले. दर स्वातंत्र्यदिनी संध्याकाळी त्या कायद्याला आणखी एका वर्षाची मुदत मिळू लागली. त्या कायद्याखाली काही माणसे आत होती, हे राष्ट्राध्यक्षांना माहीत होते. कोणती माणसे, कुठल्या तुरुंगात, हे त्यांनी कधी विचारले नाही. विचारले असते तर कोणीही सांगितले असते, आणि हेही त्यांना माहीत होते.

आता त्या देशातली एक रीत सांगतो. राष्ट्राध्यक्ष ज्या कोठडीत राहिले होते, ती कोठडी सरकारने स्मारक म्हणून जपली होती. चुना लावला, दाराला तेल दिले, बाहेर पितळी पाटी बसवली. दर स्वातंत्र्यदिनी दुपारी राष्ट्राध्यक्ष त्या कोठडीत जमिनीवर बसून तुरुंगाचे जेवण जेवत. नाचणीची भाकरी आणि पातळ आमटी. त्याच वेळी देशभर घरोघर लोकही तेच जेवत. सणासारखेच झाले होते ते. लेकीसुना माहेरी येत, मुले ‘आज तुरुंगाची आमटी’ म्हणून नाचत. खऱ्या तुरुंगाच्या आमटीत डाळ शोधावी लागे, आणि या आमटीला लसणाची फोडणी असे, कोकम असे, वरून कोथिंबीर असे. राष्ट्राध्यक्षांची आमटी तर राजवाड्याच्या आचाऱ्याच्या देखरेखीखाली शिजे. दुसऱ्यांदा वाढून घ्यावी अशी होई ती.

या राष्ट्राध्यक्षांचे एक आचार्य होते. लहानपणी त्यांनीच याला अक्षर शिकवले आणि पुढे त्यांनीच याला चळवळीत ओढले. दोघे एकाच दिवशी पकडले गेले आणि शेजारशेजारच्या कोठड्यांत राहिले. स्वातंत्र्यानंतर आचार्यांना मंत्रिपद देऊ केले, राजदूत करतो म्हटले, काहीच नको म्हणाले. ‘मला चार पोरं शिकवायला आणून द्या आणि मला विसरा’, असे म्हणून गावी जाऊन बसले. तुरुंगभोजनाचे आमंत्रण त्यांना दरवर्षी जाई आणि दरवर्षी ते ‘प्रकृती बरी नाही’ म्हणून कळवत. या वर्षी मात्र उलट निरोप आला, ‘येतो.’

राष्ट्राध्यक्षांना कोण आनंद झाला! सचिवाला म्हणाले, ‘गाडी पाठवा, माझी स्वतःची.’ गाडी गावी जाऊन रिकामीच परत आली. आचार्य पहाटेच्या बसने निघून तुरुंगाच्या दाराशी पोहोचले होते आणि तिथल्या चहावाल्याशी गप्पा मारत बसले होते. राष्ट्राध्यक्षांनी वाकून पायांना हात लावला. छायाचित्रकारांनी ते टिपले. आचार्य म्हणाले, ‘पुरे, पुरे. ऊठ. गुडघे दुखतात तुझे, मला माहीत आहे.’

सगळे आत गेले. झेंडूच्या माळा, उदबत्त्या, पाहुण्यांसाठी सतरंज्या. कोठडीच्या बाहेरच्या व्हरांड्यात मंत्री, त्यांच्या बायका, परदेशचे राजदूत, वार्ताहर, अशी दाटी होती. आतल्या फरशीवर दोनच पाट मांडले होते, समोरासमोर. आचार्यांनी सगळीकडे एक नजर फिरवली.

‘बरीच मोठी वाटते रे आता ही.’

‘ढेकूण गेले ना, आचार्य. त्यांनीच अर्धी जागा अडवली होती.’

सगळे हसले. आचार्यही हसले, तोंडाचे बोळके पसरून. मग भिंतीशी टेकून बसले. राष्ट्राध्यक्ष समोर बसले. खरे सांगायचे तर त्या घटकेला त्यांच्या मनात फार गोड काहीतरी दाटून आले होते. ज्या माणसाने आपल्याला घडवले, तो आज आपले वैभव पाहायला आला आहे. बघा, आचार्य, जिथे आपण कुजलो, तिथे लोक फुले वाहताहेत! संध्याकाळी कायद्याच्या मुदतवाढीवर सही करायची आहे, याची सकाळी सचिवाने आठवण करून दिली होती. पण ते आता या क्षणी कोण आठवतो?

ताटे आली, व्हरांड्यातल्या पाहुण्यांनाही वाढले गेले. वाफ निघत होती. राष्ट्राध्यक्षांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडाकडे नेला.

‘थांब,’ आचार्य म्हणाले.

आणि त्यांनी हाताची मूठ वळून पाठीमागच्या भिंतीवर दोन ठोके दिले. ठक, ठक.

व्हरांड्यात कुजबूज झाली. म्हातारपणाचा परिणाम, असे सचिवाच्या चेहऱ्यावर दिसले. राष्ट्राध्यक्ष मात्र मोठ्याने हसले. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, ‘अहो, ही आमची जुनी रीत! आचार्यांनीच घालून दिलेली. जेवण हातात आलं की आधी भिंतीवर दोन ठोके द्यायचे. म्हणजे, मला मिळालं, तुला मिळालं का? पलीकडून दोन ठोके आले तर मिळालं, जेवायला हरकत नाही. आणि एकच ठोका आला, तर त्याला मिळालं नाही. मग काय करायचं? अख्ख्या रांगेने आपापलं ताट दाराबाहेर सरकवून द्यायचं. एकाला उपाशी ठेवलं की सगळे उपाशी. शेवटी तुरुंगवाले कंटाळले आणि सगळ्यांना वेळेवर देऊ लागले.’

‘अय्या, किती छान!’ एका मंत्र्याच्या पत्नी म्हणाल्या. वार्ताहरांनी भराभर लिहून घेतले. राष्ट्राध्यक्षांनी तुकडा पुन्हा तोंडाकडे नेला.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. ठक.

एकच.

राष्ट्राध्यक्षांचा हात तोंडापाशीच राहिला. आमटीचा थेंब मांडीवर पडला, तेही त्यांना कळले नाही. व्हरांड्यात सगळे एकमेकांची तोंडे पाहू लागले. तुरुंगाधिकारी घाईघाईने पुढे आला. ‘उंदीर असतील, साहेब. इमारत जुनी आहे. दोनदा औषध टाकलं, तरी...’

‘बरेच शिस्तीचे उंदीर दिसतात,’ आचार्य म्हणाले आणि त्यांनी पुन्हा दोन ठोके दिले.

या वेळी उत्तर चटकन आले. पुन्हा एकच ठोका, जरा हलका.

आचार्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. ‘बाळ, या भिंतीपलीकडे कोणाची कोठडी?’

‘तुमची, आचार्य.’

‘मी तर इथे तुझ्यासमोर बसलोय. मग माझ्या कोठडीतून उत्तर कोण देतंय?’

राष्ट्राध्यक्षांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि पहिला विचार त्यांच्या मनात काय आला, ठाऊक आहे? छायाचित्रकारांना आधी बाहेर काढले पाहिजे, हा! मागाहून त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच गोष्टीची. भिंतीपलीकडे एक माणूस उपाशी आहे म्हणतो, आणि आपल्याला आठवले काय, तर फोटो.

‘कोण आहे पलीकडे?’ त्यांनी तुरुंगाधिकाऱ्याला विचारले.

तो बिचारा ततपप करू लागला. ‘साहेब, तो भाग स्मारकात येत नाही... त्याचं दार मागच्या अंगणात उघडतं... तिकडे सध्या त्या कायद्याखालचे काही... म्हणजे तीच जागा सुरक्षित, साहेब. भिंती जाड आहेत.’

‘आणि जेवण?’

‘मिळणार आहे, साहेब! रोज वेळेवर मिळतं. आज जरा स्वयंपाकघर आचारीसाहेबांच्या ताब्यात आहे. पाहुणे गेले, की लगेच चूल रिकामी होईल.’

आता मात्र राष्ट्राध्यक्षांना वर बघवेना. ताटातल्या आमटीवर कोथिंबीर तरंगत होती, तिच्याकडे बघत ते म्हणाले, ‘आचार्य, तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं. म्हणूनच आलात ना?’

‘मला कोण सांगणार?’ आचार्य म्हणाले. ‘मी आलो तो पाय चालतात तोवर तुला एकदा बघावं म्हणून. ठोक्यांचं म्हणशील तर मी घरीसुद्धा रोज देतो. सूनबाई हसते. म्हणते, मामंजी, पलीकडे गोठा आहे, म्हैस काय उत्तर देणार? पण मी ठोके देतो आणि घटकाभर ऐकतो. भिंत गप्प राहते. ती गप्प राहिली, की मला फार बरं वाटतं, म्हणजे पलीकडे कोणी कोंडलेलं नाही. मग सुखाने जेवतो. अरे, आपण परक्यांना घालवलं ते आणखी कशासाठी? झेंड्याचा रंग बदलायला? भिंतींनी गप्प राहावं म्हणूनच ना? आजही सवयीने हात गेला. मला काही उत्तराची अपेक्षा नव्हती.’

एवढे बोलून ते थांबले. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारले, ‘तुला होती का?’

या प्रश्नावर राष्ट्राध्यक्षांना खोटे बोलता आले असते. व्हरांड्यात सगळे ऐकत होते, ‘नाही’ म्हटले असते तर कोणी हरकत घेतली नसती. पण समोर अक्षर शिकवणारा माणूस बसला होता. त्याच्यासमोर जीभ वळेना.

‘अपेक्षा नव्हती, आचार्य. पण ठोका आला तेव्हा... आश्चर्यही वाटलं नाही.’

आचार्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे राष्ट्राध्यक्षांना वाटले. म्हाताऱ्याने आपले ताट दोन्ही हातांनी उचलले आणि दाराच्या उंबऱ्यापलीकडे सरकवून दिले. राष्ट्राध्यक्षांनीही आपले सरकवले. मग व्हरांड्यात मोठी गंमत झाली. पाहुण्यांना काय करावे ते सुचेना. कोणी ताट खाली ठेवले, कोणी मागे लपवले. अर्थमंत्र्यांचे तर अर्धे जेवण होऊन गेले होते, ते तोंडातला घास गिळावा की नको अशा पेचात तसेच बसून राहिले.

राष्ट्राध्यक्ष उठले. ‘मागचं दार कुठे आहे?’

गृहमंत्री पुढे झाले. ‘साहेब, आत्ता नको. बाहेर मैदानात लोक भाषणाची वाट बघताहेत. आणि तो माणूस धोक्याचा आहे.’

‘काय केलंय त्याने?’

‘शाळामास्तर आहे. हरिबा नावाचा. बाजारात उभा राहून म्हणाला, निवडणूक दोनदा पुढे ढकलली, आता घ्या.’

‘एवढंच?’

‘एवढंच कसं, साहेब? लोक ऐकतात त्याचं.’

‘माझंही ऐकायचे,’ राष्ट्राध्यक्ष म्हणाले आणि चालू लागले.

मागच्या अंगणात चुना नव्हता, माळा नव्हत्या. कुबट वास होता, आणि तो वास नाकात गेल्याबरोबर त्यांचे पाय आपोआप मंदावले. हा वास आपण विसरलो होतो. छे, विसरलो कुठे? चुन्याखाली झाकला होता. तुरुंगाधिकाऱ्याने कुलूप काढले. राष्ट्राध्यक्षांनी बाकीच्यांना मागे थांबवले आणि फक्त आचार्यांना बरोबर घेऊन ते आत गेले.

आत अंधार होता. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे त्यांना काही दिसेना, आणि आतल्यालाही दारात उभ्या माणसांच्या नुसत्या आकृत्या दिसल्या असणार. कोपऱ्यातून आवाज आला.

‘कोण, हवालदार का? बरं झालं आलात. पलीकडे नवा कोणी आलाय का हो?’

उत्तराची वाट न बघता तोच पुढे बोलू लागला.

‘आलाय, आलाय. आत्ताच ठोके दिले त्याने. अहो, माझं जरा चुकलंच. मी एक ठोका दिला. खरं ते सांगितलं, पण मागाहून वाटलं, नवीन माणूस आहे, पहिला दिवस आहे, आणि माझ्यापायी त्याने ताट बाहेर सरकवलं असेल. त्याला सांगा, जेव म्हणावं. माझं येईल मागाहून. आणि घाबरू नकोस म्हणावं. पहिलेपहिले दिवस जड जातात, मग सवय होते. रात्री फार वाटलं तर भिंतीशी बोल म्हणावं, मी जागाच असतो.’

अहो, शिव्या ऐकायची तयारी करून तो माणूस आत गेला होता! शिव्या, शाप, आरोप, सगळ्याला त्याच्यापाशी उत्तर होते. सरहद्द होती, संप होता, देशाची घडी होती. पण ‘जेव म्हणावं’ याला काय उत्तर देणार? जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्यांना झाले.

‘नवा कोणी नाही, मास्तर,’ ते कसेबसे म्हणाले. ‘मीच होतो.’

आणि ते दोन पावले पुढे, झरोक्याच्या उजेडात आले. हरिबाने पाहिले, ओळखले. उठून उभा राहायला त्याने हात टेकला, पण मग काय वाटले कोण जाणे, बसूनच राहिला.

‘तुम्ही? मग पलीकडे कोण असतं?’

‘कोणी नाही. पलीकडे माझं स्मारक आहे.’

हरिबाने मधल्या भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाला, ‘अस्सं. मी रोज ठोके द्यायचो हो. इथल्या जुन्या पहारेकऱ्याने सांगितली होती ती रीत. रोज जेवणाआधी द्यायचो, कोणीच उत्तर द्यायचं नाही. मला वाटलं, पलीकडचा माणूस मेला असावा. वाईट वाटायचं.’

राष्ट्राध्यक्षांच्या मनात आले, याने अंदाज काही फार चुकीचा केला नव्हता. त्यांनी आचार्यांकडे पाहिले. आचार्य हरिबाच्या शेजारी जमिनीवर बसले होते, आपल्या जुन्या जागी, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

‘माझं चुकलं,’ राष्ट्राध्यक्ष म्हणाले.

‘म्हणजे मी सुटलो का?’

‘सुटलात. आत्ताच.’

‘आणि कायदा?’

दारात गृहमंत्री खाकरले. राष्ट्राध्यक्षांनी मागे वळूनही पाहिले नाही. ‘त्याची मुदत आज संध्याकाळी संपते. मी सही करणार नाही.’

‘ते गेल्या वर्षीही करता आलं असतं,’ हरिबा म्हणाला. त्याच्या बोलण्यात विखार नव्हता. वर्गातल्या मुलाचे गणित चुकले की मास्तर जसे सांगतात, तसे त्याने सांगितले. राष्ट्राध्यक्ष म्हणाले, ‘हो. करता आलं असतं.’

त्या अंगणातल्या सगळ्या कोठड्या उघडल्या. माणसे डोळ्यांवर हात धरून उन्हात आली. सचिवाला वाटले, आता हे राष्ट्राध्यक्षांच्या पाया पडतील, निदान हात जोडतील. एकानेही तसे केले नाही. हरिबाने कपड्यांचे बोचके काखेत मारले, आचार्यांना नमस्कार केला आणि चालू लागला. सचिव राष्ट्राध्यक्षांच्या कानाशी लागला, ‘साधे आभारसुद्धा मानले नाहीत बघा.’ राष्ट्राध्यक्षांनी त्याच्याकडे असे पाहिले, की तो मूग गिळून मागे सरला.

मैदानात बँड वाजत होता. दरवर्षीप्रमाणे लोक पोटभर नाचणीची भाकरी खाऊन, मुलांना खांद्यावर घेऊन आले होते. राष्ट्राध्यक्ष व्यासपीठावर चढले. लिहिलेले भाषण खिशात होते, ते त्यांनी काढलेच नाही. बँड थांबला. ते म्हणाले, ‘बंधूंनो, भगिनींनो, आज मी तुम्हाला तुरुंगाची गोष्ट सांगणार होतो. माझी. ती तुम्ही पुष्कळदा ऐकली आहे. ज्या कायद्याने मला कोंडलं, त्याच कायद्याने मी तुमची माणसं कोंडली आहेत. माझ्या स्मारकाच्या भिंतीला लागून कोंडली आहेत. मला ते कळलं असतं, पण मी विचारलं नाही. मला तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते आहे. तो कायदा आजपासून नाही.’

टाळ्या वाजल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे वाक्य संपले आणि मैदान गप्प राहिले. त्या शांततेत उभे राहणे त्यांना कोठडीतल्या वर्षांपेक्षा अवघड गेले. तेवढ्यात गर्दीतून एका बाईचा आवाज आला.

‘मग माझा भाऊ कुठाय?’

शिपाई तिच्या दिशेने सरकले. राष्ट्राध्यक्षांनी हात वर करून त्यांना थांबवले. ‘काय नाव, बाई?’

‘तान्हुबाई.’

‘भावाचं.’

‘कोंडाजी. मिठागरात कामाला होता. संपात धरून नेला.’

‘कोणत्या तुरुंगात आहे?’

‘आता घ्या! तेच तर मी विचारतेय तुम्हाला!’

कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. राष्ट्राध्यक्षांनी गृहमंत्र्यांकडे पाहिले, गृहमंत्र्यांनी सचिवाकडे, सचिवाने आभाळाकडे. कोणालाच ठाऊक नव्हते. मग त्या देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाने हजारो माणसांपुढे मान खाली घातली आणि म्हटले, ‘मला ठाऊक नाही, बाई. शोधून काढतो. तोवर इथून हलत नाही.’

आणि मग काय झाले? मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून एक नाव आले. मग तिसरे. एक म्हातारा लेकाचे नाव घेऊन उभा राहिला. एका मुलीने नाव सांगितले नाही, नुसते ‘माझे बाबा’ म्हणाली. व्यासपीठावरून नीट ऐकू येईना, म्हणून राष्ट्राध्यक्ष खाली उतरले आणि गर्दीत शिरले. प्रत्येकापुढे उभे राहायचे, नाव विचारायचे आणि प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचे, ‘मला ठाऊक नाही, शोधतो.’ दरवेळी लाज तेवढीच वाटत होती, सवयीने कमी होत नव्हती. गृहमंत्री घाम पुसत मागे मागे चालत होते आणि ठिकठिकाणच्या तुरुंगांना निरोप धाडत होते.

आचार्य एका कडेला उभे राहून पाहत होते. सचिव त्यांच्याजवळ आला. बराच चिडला होता तो. ‘आचार्य, हे काय करून ठेवलंत? साऱ्या देशासमोर साहेबांची मान खाली गेली. उद्या लोक काय म्हणतील?’

‘बघ तरी जरा तिकडे,’ आचार्य म्हणाले.

सचिवाने पाहिले. राष्ट्राध्यक्ष एका म्हातारीसमोर उकिडवे बसले होते, कारण तिला उभे राहवत नव्हते. ती त्यांना काहीतरी खडसावून सांगत होती, बोट नाचवून सांगत होती, आणि ते ‘हो, हो’ करत ऐकत होते.

‘इतकी वर्षं ही बाई त्याच्या नावाने हळदकुंकू वाहत असेल,’ आचार्य म्हणाले. ‘आज ती त्याला जाब विचारतेय. आम्ही तुरुंगात बसून ज्या राज्याची स्वप्नं बघायचो ना, त्यात अशीच एक बाई असायची.’

सचिवाने खिशातली वही काढली. थोड्या वेळाने तोही गर्दीत शिरला आणि नावे विचारू लागला.

वाचकहो, स्वातंत्र्याचा दिवस कोणता, हे पंचांगात पाहून ठरवू नये. आपला माणूस कुठे आहे, असे ज्या दिवशी आपण सत्तेला भर चौकात विचारतो आणि तिला खाली मान घालून उत्तर शोधावे लागते, तो दिवस खरा.